रेडिओच्या लहरींवर तापणाऱ्या विटा

आजचा धागा ब्रिटनमधील एका अस्तंगत होत चाललेल्या यंत्रणेविषयी. ‘स्मार्ट ग्रिड’ म्हटले की मोबाइलवरचे ॲप डोळ्यांसमोर येते. परंतु विजेच्या उपलब्धतेनुसार घरोघरचा वापर मागेपुढे सरकवण्याचा उद्योग त्याहून बराच जुना आहे, आणि तेथे त्याचा निरोप्या होता चक्क रेडिओ. 🧵

आधी मूळ अडचण. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे कठीण; ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती व्हावी लागते. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर पराभूत झाले. सामना संपताच घराघरांत चहाच्या किटल्या सुरू झाल्या आणि मागणी सुमारे २,८०० मेगावॉटने उसळली. दुःखातही चहा लागतोच!

रात्री प्रश्न नेमका उलटा. देश झोपलेला असतो, पण अणुऊर्जेची केंद्रे संध्याकाळी थांबवून पहाटे पुन्हा चालवणे परवडत नाही. म्हणून १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर आला : रात्रीचे सात तास वीज स्वस्त, दिवसा काहीशी महाग.

पण स्वस्त विजेसाठी मध्यरात्री उठणार कोण? याचे उत्तर विटांत होते. ‘स्टोरेज हीटर’ म्हणजे जड विटांनी भरलेली पेटी. रात्री विजेने विटा तापवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब खोलीत झिरपू द्यायची. वीज साठवता येत नसली, तरी उष्णता साठवता येते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर कल्पना हीच.

या पेट्या कधी चालू करायच्या, हे सांगण्याचे काम १९८०च्या दशकात रेडिओकडे आले. ड्रॉइटविच येथील प्रक्षेपण केंद्रातून बीबीसी रेडिओ ४ दीर्घलहरींवर ऐकू येई. त्याच लहरींत मानवी कानाला न जाणवणारे संकेत मिसळलेले असत. श्रोता बातम्या ऐके, आणि मीटरशेजारची ‘टेलिस्विच’ नावाची डबी आपली आज्ञा ऐके. एकाच लहरीवरून दोघांशी दोन निराळी संभाषणे.

व्यवस्था निर्दोष मात्र नव्हती. संध्याकाळी, थंडी वाढू लागे तेव्हाच, विटा निवत आलेल्या असत. शिवाय गॅसची वाहिनी न पोहोचलेल्या घरांचीच सारी भिस्त या हीटरांवर होती. ३० जून २०२५ नंतर रेडिओ-संकेत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले, तेव्हा स्मार्ट मीटर न बसलेल्या घरांतील हीटर कायमचे बंद किंवा कायमचे चालू राहतील, असा इशारा द्यावा लागला. आज्ञा दुरून येत असेल, तर ती थांबल्यावर घरात काय होईल, हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

दरम्यान वीजच बदलली. पवनचक्क्या वाऱ्याच्या लहरीवर चालतात, सौर पटले दुपारी भरात येतात. ‘रात्री स्वस्त’ हा ठरीव नियम अपुरा पडला. दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवणारा स्मार्ट मीटर त्यासाठीच हवा. २३ जानेवारी २०२३ रोजी संध्याकाळी ५ ते ६ या वेळेत वापर कमी करणाऱ्या ब्रिटिश ग्राहकांना मोबदला देण्यात आला. फरक पाहा : येथे विटा नव्हत्या. स्वयंपाक आणि कपडे धुणे माणसांनीच पुढे ढकलले.

आता आपल्याकडे. केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांनुसार ‘सौर तासां’तील वीज सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त असावी. रात्रीची सवलत दुपारी आली! पण दुपारी घरी असते कोण? नोकरी करणारे जोडपे बाहेर, गिझर लागतो पहाटे आणि वातानुकूलन रात्री. सवलतीसाठी कामे हलवायचीच, तर ती बहुधा घरातल्या बाईच्याच वेळापत्रकात हलतील. दरपत्रकात त्याचा हिशेब नसतो.

आपल्या विटा मात्र इमारतीच्या गच्चीवर तयार आहेत. पाण्याची टाकी भरणारा सोसायटीचा पंप पहाटेऐवजी दुपारी १२ वाजता चालवला, तर नळाखाली बादली धरणाऱ्याला फरक कळणारही नाही.