उन्हाळ्यातलं विणकाम : फावल्या वेळेचा इतिहास

वैशाखात व्याख्यानं ठेवायची आपल्याकडची सवय जुनीच आहे. बाहेर ऊन रणरणत असतं, शाळांना सुट्टी असते आणि श्रोत्यांना दोन घटका बसायला वेळ असतो. आजचा विषय याच वेळेबद्दलचा आहे. विणकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थंडी येते, स्वेटर येतो, शेकोटी येते. पण आपल्यापैकी अनेकांनी आई, मामी किंवा आजीच्या हातात सुया पाहिल्या त्या मे महिन्याच्या दुपारी. जेवणं आटोपलेली, खिडकीला ओला पडदा, खाली पसरलेली चटई आणि सुयांची टिकटिक. असं का, हे आज आपण बघणार आहोत.

सुरुवात इजिप्तपासून करू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात लाल लोकरीच्या मोज्यांची एक जोडी आहे. ती इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या ठिकाणची, साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातली. या मोज्यांचा अंगठा वेगळा काढलेला आहे, म्हणजे अंगठ्याची वहाण घालता यावी म्हणून. मात्र हे दोन सुयांचं विणकाम नाही. एकाच सुईने, दोऱ्याचे तुकडे जोडत जोडत, फास अडकवून केलेलं ते काम आहे. आपण ज्याला सुयांवरचं विणकाम म्हणतो त्याचे सर्वांत जुने नमुनेही इजिप्तमध्येच मिळाले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. आणि गंमत बघा, त्यांतले बरेचसे सुती आहेत. पांढरं सूत आणि निळीत रंगवलेलं सूत, असे दुरंगी मोजे. म्हणजे या कलेचे जे जुने पुरावे आपल्या हाती आहेत, ते एका उष्ण देशातले आहेत आणि कापसाचे आहेत. ‘विणकाम थंड देशातून आलं’ हा आपला समज इथेच ढासळतो. युरोपातले जुने ठळक नमुनेसुद्धा लोकरीचे नाहीत. स्पेनमधल्या बुर्गोसच्या मठात १२७५ साली वारलेल्या राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दाच्या थडग्यात विणलेल्या उशा सापडल्या, त्या रेशमी.

इथे थोडं तंत्राकडे वळू, कारण ते इतिहासही सांगतं. ज्यांनी चार-पाच सुयांवर मोजे विणले आहेत त्यांना माहीत आहे की गोल विणताना कामाची सुलट बाजू कायम आपल्याकडे असते. त्यामुळे नुसते सुलट टाके घातले तरी गुळगुळीत वीण मिळते. दोन सुयांवर मात्र काम उलटवावं लागतं, आणि तशी वीण हवी तर एक ओळ सुलट, एक उलट असं जावं लागतं. जुने मोजे गोल विणलेले आहेत, म्हणून उलट टाक्याची गरजच फारशी नव्हती. नक्षीसाठी वापरलेला उलट टाका ठळकपणे दिसतो तो १५६२ साली वारलेल्या एलेओनोरा दि तोलेदो या फ्लॉरेन्सच्या डचेसच्या लाल रेशमी मोज्यांत.

लोकर आणि थंडी यांचं नातं आपल्या डोक्यात पक्कं झालं त्याला लढायाही कारण आहेत. १८५४ चं क्रिमियाचं युद्ध घ्या. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लाव्हा बंदराबाहेर ‘प्रिन्स’ नावाचं जहाज सैन्याच्या गरम कपड्यांसकट बुडालं आणि ब्रिटिश शिपाई हिवाळ्यात गारठले. घरोघरच्या बायकांनी टोप्या, मोजे विणून पाठवले. या एका युद्धाने विणकामाला तीन नावं दिली. कार्डिगन आणि रॅगलन ही सेनानींची, बालाक्लाव्हा हे गावाचं. ही बालाक्लाव्हा म्हणजे आपली माकडटोपी! महाबळेश्वरच्या सहलीत जी टोपी डोक्यावर चढते तिचं नाव परदेशात आजही त्या गावावरून आहे. मोज्याचं टोक शिवण न दिसता जोडायची जी पद्धत आहे ती किचनेरच्या नावाने ओळखली जाते. हा किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. शिवणीची कड बुटात बोटांना टोचते, म्हणून दोन्ही बाजूंचे टाके सुईदोऱ्याने एकेक करून असे जोडायचे की ती विणलेलीच ओळ वाटावी.

आणि ‘स्वेटर’ हा शब्द? इंग्रजीत त्याचा अर्थ घाम आणणारा. खेळाडू मुद्दाम घाम यावा म्हणून तो घालत. तेव्हा मे महिन्यात स्वेटर विणणाऱ्या आपल्या मावश्या शब्दाच्या मुळाशी प्रामाणिकच होत्या म्हणायचं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाबरोबर सुई आली. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवण-विणकाम असे. पुढे केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनातही निराधार किंवा गरजू बाईला चार पैसे मिळावेत म्हणून हातकामाला जागा मिळाली. गोव्यात क्रोशाच्या जाळीला ‘रेंद’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांचा. मध्यमवर्गी घरात मात्र हे काम ‘कमाई’ म्हणून न राहता ‘हौस’ झालं. रेडिओवरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी, दाराचं तोरण, बाळंतविडा. हे बहुतेक सुती दोऱ्याचं, म्हणजे उन्हाळ्याला सोयीचं.

मग लोकरीचं काम उन्हाळ्यात का? कारण सरळ आहे. थंडीत घालायचा स्वेटर थंडीत विणायला घेतला तर संक्रांत उलटून जाते. शिवाय मे महिन्यात जुने स्वेटर उसवायचे असत. आमच्याकडे हा मोठा कार्यक्रम असे. कडेची शिवण सोडायची, दोरा ओढत जायचं, तो एखाद्या पोराच्या दोन हातांभोवती गुंडाळून लड करायची. लड चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची, म्हणजे वळ्या सरळ होतात. मग पुन्हा गुंडा. थोरल्याचा स्वेटर धाकट्याचा होई, उरलेल्या लोकरीची कानटोपी. ही काही फक्त आपली काटकसर नाही. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं तेव्हा तिथेही घरोघर हेच चाललं होतं.

ज्यांना या सुट्टीत सुती काम करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. सूत लोकरीसारखं ताणून परत येत नाही, वजनाने खाली ओघळतं. म्हणून आधी वीतभर तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच टाके मोजा. कड सैल पडते, तिला एक नंबर बारीक सुई घ्या. हात घामेजले की धातूची सुई चिकटते, बांबूची बरी. आणि नक्षी अवघड असेल तर दर दहा-बारा ओळींनी एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागतं.

शेवटी ‘फावला वेळ’ या शब्दाकडे येऊ. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या नरसापूर भागात हजारो बायका क्रोशाची जाळी विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम तिथे आणलं. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यावर केलेला अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने आला. त्यांना काय दिसलं? जाळी परदेशी जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते, आणि दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बाईची ओळख मात्र ‘गृहिणी’ एवढीच होती. ती रिकाम्या वेळात विणते, असं सगळे म्हणत. ती कामगार नाही म्हटल्यावर मजुरीचा प्रश्नच येत नाही.

हे वाचल्यावर आम्ही घरातल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढून बघितल्या. ‘लोकर’, ‘सुया एक जोड’ अशा नोंदी सापडतात. शेजारणींना स्वेटर विणून दिल्याचं घरात सगळ्यांना आठवतं, पण त्याचे पैसे आले की नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. दुपारी सगळे झोपत तेव्हा आजी विणत बसे. आम्ही त्याला तिची विश्रांती समजत होतो.

तेव्हा आपल्याला एक विनंती आहे. या सुट्टीत घरातल्या जुन्या विणलेल्या वस्तू बाहेर काढा. कोणी विणली, कोणासाठी, किती दिवस लागले, पैसे मिळाले का, हे जे सांगू शकतील त्यांना आत्ताच विचारा आणि लिहून ठेवा. स्वेटर उसवून पुन्हा विणता येतो. विणणारीचं नाव एकदा विसरलं की ते परत मिळवायला दुसरा कुठलाच कागद आपल्याकडे नाही.