हजेरी कोणाच्या हाती?

भिवंडीहून ठाण्यास जाताना पूर्णा, काल्हेर या गावांची गोदामे लागतात. मुंबईची जकात हे त्यांच्या वाढीचे एक कारण. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. आता नव्या धर्तीच्या गोदामांत कामगाराच्या हाती एक यंत्र असते. पुडके उचलले की कोणी, केव्हा, किती वेळात, याची नोंद होते. कोणास ठेवावे नि कोणास सोडावे याचा हिशेब तिच्यावरून मांडता येतो.

ही मोजदाद नवी वाटते. पण तिचे मूळ मुंबईच्या गिरण्यांत आहे. तेथे प्रथम माणसे घेणारा व काढणारा होता जॉबर. त्याची वही त्याच्या डोक्यात! त्याला दस्तुरी दिली तर काम, नाही तर दार बंद. 1921 साली मुंबई सरकारने कामगार कचेरी काढली. त्या वर्षी मे महिन्यातील गिरणीमजुरीची पाहणी झाली आणि सप्टेंबरात 'लेबर गॅझेट' निघू लागले. मजुरीचे आकडे छापील होऊन चव्हाट्यावर आले. 1935 साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत घातली. रिकाम्या जागा कार्डवाल्यांतून भराव्यात आणि जॉबरची मनमानी आटोक्यात यावी, हा तिचा हेतू. पुढे 1947 च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने 26 दिवसांस 30 रुपये हे किमान मूळ वेतन ठरले. असा निवाडा आकड्यांवाचून कसा व्हावा?

तेव्हा आकडा हा कामगाराचा वैरी नव्हे. कार्ड त्याच्या खिशात होते, गॅझेट कोणासही वाचता येत होते. आजची नोंद मात्र ज्याची आहे, त्यालाच बहुधा दिसत नाही. जॉबर गेला, पण डोक्यातली वही दुसऱ्या रूपाने परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2021 साली कायदा करून मोठ्या गोदामांतील कामगारास कामाचा कोटा लेखी कळविणे मालकावर बंधनकारक केले. आपल्या 2023 च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा मालकास ठेवली आहे.

मोजणी थांबवा, असे मी म्हणत नाही. ज्याचे श्रम मोजले, त्याला ते माप वाचता यावे, एवढेच मागणे आहे. गिरणगावाने ते एकदा मिळविले होते. पूर्ण्याच्या गोदामालाही ते मिळवावे लागेल.