योल : युद्धबंद्यांच्या छावणीतून घडलेले लष्करी ठाणे

हिमाचल प्रदेशातील धर्मशाळेपासून काही किलोमीटरवर, धौलाधार पर्वतरांगेच्या पायथ्याशी योल हे लहानसे लष्करी ठाणे वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या हजारो इटालियन युद्धबंद्यांना येथे ठेवण्यात आले होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून गावाला ‘योल’ हे नाव मिळाल्याची कथा आवडीने सांगितली जाते. मात्र ‘खास योल’ या नावातील ‘खास’ हा शब्द कांगडा भागात मूळ गावासाठी वापरला जातो. त्यामुळे नाव छावणीपेक्षा जुने असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

युद्ध संपून बंदी मायदेशी परतले आणि छावणी रिकामी झाली. पण फार काळ नाही. १९४७-४८ च्या संघर्षात जम्मू-काश्मीरचा जो भाग पाकिस्तानच्या ताब्यात गेला, तेथून विस्थापित झालेल्या कुटुंबांना याच बराकींमध्ये आसरा देण्यात आला. या संघर्षात ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडलेले, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे कांगड्याचेच सुपुत्र होते. त्या वेळी कांगडा जिल्हा पंजाबात होता. १ नोव्हेंबर १९६६ रोजी तो हिमाचलमध्ये समाविष्ट झाला.

सीमेच्या दृष्टीने मोक्याचे स्थान असल्यामुळे योलचे महत्त्व पुढे वाढतच गेले. २००५ मध्ये लष्कराच्या पश्चिम कमांडअंतर्गत नवव्या कोअरची उभारणी झाली आणि तिचे मुख्यालय योल येथे ठेवण्यात आले. एका छोट्या डोंगरी ठाण्याच्या दृष्टीने ही मोठीच बढती होती.

लष्कराच्या शेजारी नांदणाऱ्या नागरी वस्तीची कहाणी मात्र निराळी होती. तेथील कारभार राज्य शासनाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नव्हे, तर संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील कटक मंडळाकडे होता. मंडळावर लोकनियुक्त सदस्य असले, तरी अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडेच असे. घराची दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम यांसाठी छावणीचे नियम आड येत आणि राज्याच्या अनेक योजनांचा लाभही रहिवाशांपर्यंत पोहोचत नसे. आपली वस्ती छावणीतून वगळावी, ही त्यांची मागणी अनेक वर्षे प्रलंबित राहिली.

अखेर एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने खास योल कटक मंडळाचा दर्जा रद्द केला. देशातील तत्कालीन ६२ कटक मंडळांपैकी या निर्णयाच्या कक्षेत आलेले हे पहिले ठिकाण. नागरी भाग पंचायतींच्या कारभाराखाली गेला, तर लष्करी भाग स्वतंत्र लष्करी ठाणे म्हणून सैन्याकडेच राहिला. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली आणि कामठी यांसह महाराष्ट्रातही सात कटक मंडळे होती. तेथील नागरी वस्त्यांमध्येही बांधकामाच्या निर्बंधांविषयीची तक्रार जुनीच असल्याने, योलच्या निर्णयाकडे या शहरांतूनही उत्सुकतेने पाहिले गेले.