दाजीपूर ते चांदोली : राधानगरी अभयारण्याची वाटचाल

कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाताना, घाट उतरण्याआधी दाजीपूर लागतं. इथलं रान कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखलेलं. संस्थान विलीन झालं, तरी रान तगलं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्र राज्य स्थापन व्हायचं होतं आणि वन्यजीव संरक्षण कायदा यायला १४ वर्षं होती. राज्यातलं हे पहिलं अभयारण्य. कोल्हापूरकरांना याचा अभिमान हवाच.

गवा मात्र दाजीपुरापुरता राहणारा प्राणी नव्हे. सकाळ-संध्याकाळ कळप सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, चरायला येतो, ऊन चढलं की गर्द झाडीत शिरतो, उन्हाळ्यात पाण्याच्या मागे खाली उतरतो. म्हणून १९८५ साली हद्द वाढवून ३५१.१६ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, हा मला या वाटचालीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्यामुळे दोन धरणांभोवतीचं रान राखलं गेलं : शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं राधानगरी आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी. थेट पाईपलाईननं कोल्हापूरच्या नळाला येणारं पाणी काळम्मावाडीचंच आहे.

सडा उन्हाळ्यात पाहिला तर नुसता काळा कातळ, चार काड्या वाळकं गवत. पावसात त्याच कातळावर बोटभर माती धरून सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात, दवबिंदू वनस्पतीच्या चिकट पानांना किडे अडकतात. कड्याशी झाडी सुरू होते, तिच्यात अंजनी, जांभूळ, कारवी. वर शेकरूची घरटी. या सड्यांच्या पोटात बॉक्साइट आहे, तालुक्यात त्याच्या खाणीही झाल्या. सडा एकदा खरवडला की ती बोटभर माती परत येत नाही.

राखण म्हणजे रोजची मेहनत. पाऊस सरून गवत वाळलं की वनरक्षक आणि वनमजूर जाळरेषा काढतात, वणव्याच्या दिवसांत पहारा देतात, पाणवठे साफ ठेवतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद होते. पावसाळ्यात पर्यटकांना दार बंद असतं, आणि ते तसंच राहावं.

२०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर राधानगरीचंही नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढे विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झाली. अशी रानं जोडलेली राहण्याचा उपयोग काय, ते एका वाघानं दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानात कॅमेऱ्यात आलेल्या नराचे पट्टे ताडून पाहिले, तर एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेला तोच निघाला. मधली शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडून तो सह्याद्रीच्या कण्यानं उत्तरेला सरकला होता.

पण याच वाटांवर माणसंही राहतात. गवे उसात शिरतात, एका रात्रीत भाताचं पीक तुडवतात. डिसेंबर २०२१ मध्ये गवा कोल्हापूर शहरालगत आला आणि त्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. जंगलालगतच्या शेतकऱ्याला पंचनाम्यासाठी हेलपाटे घालायला लावून त्याच्याकडून गव्याबद्दल प्रेम मागणं अन्यायाचं आहे. हद्दी वाढवण्याचं काम बरंचसं झालं. आता भरपाई पुढचा हंगाम उभा राहण्याआधी शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे आणि राधानगरी-चांदोलीमधल्या उरल्यासुरल्या झाडीवर नवी खाण, नवं रिसॉर्ट येता कामा नये.