विजेत्याचे दफ्तर, पराजितांची स्मृती : क्रॉमवेलच्या आयर्लंड-विजयाचे वाचन

११ सप्टेंबर १६४९ रोजी ऑलिव्हर क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंडच्या पूर्वेकडील ड्रॉहेडा हे तटबंदीचे शहर हल्ला करून घेतले आणि सुमारे ३,००० च्या शिबंदीपैकी बहुतेकांची कत्तल केली. १७ सप्टेंबरला इंग्लिश पार्लमेंटच्या सभापतीला लिहिलेल्या पत्रात क्रॉमवेलने या संहाराला ईश्वरी न्याय ठरविले. १६४१ च्या उठावात निरपराध प्रॉटेस्टंटांचे रक्त सांडणाऱ्या रानटी लोकांना मिळालेले ते शासन, असा त्याचा दावा होता. वस्तुस्थिती मात्र या अन्वयार्थाला साथ देत नाही. १६४१-४२ मध्ये ड्रॉहेडाने उठाववाल्यांचाच वेढा सोसला होता आणि ते त्यांच्या हाती गेले नव्हते. १६४९ मधील तेथील सेनापती सर आर्थर अ‍ॅस्टन इंग्लिश होता, आणि शिबंदीतही राजपक्षाचे इंग्लिश सैनिक पुष्कळ होते. घटना आणि तिचा अर्थ यांमधील फट अशी पहिल्याच पत्रात दिसते. पुढील साडेतीन शतकांचा स्मृतिसंघर्ष या फटीतून वाढला. काय घडले, एवढाच तो वाद नाही. कोणती संहिता पुरावा म्हणून स्वीकारायची आणि ती कशी वाचायची, हाही त्याचा गाभा आहे.

ऑक्टोबर १६४९ मध्ये ही पत्रे लंडनमध्ये छापली गेली. त्यांतील मृतांच्या यादीच्या शेवटी शहरातील पुष्कळ रहिवाशांचा मोघम उल्लेख येतो. निःशस्त्र नागरिकांची हत्या झाली की नाही, या प्रश्नाचा मोठा भार या मोजक्या शब्दांवर पडलेला आहे. टॉमस कार्लाईलने १८४५ मध्ये क्रॉमवेलची पत्रे व भाषणे संपादित करून त्यांना वीरचरित्राची चौकट दिली. टॉम राइली या ड्रॉहेडाच्याच लेखकाने १९९९ मध्ये असा युक्तिवाद केला की, ही यादी क्रॉमवेलच्या हातची नाही आणि नागरिकांची हेतुपुरस्सर कत्तल झालीच नाही. बहुतेक व्यावसायिक इतिहासकारांना हे निर्दोषीकरण मान्य झाले नाही. धर्मगुरूंना ठार केल्याचे तर क्रॉमवेलचे पत्रच सांगते. परंतु लक्षणीय बाब वेगळी आहे. आरोप आणि बचाव या दोहोंचा प्रमुख आधार विजेत्याचाच छापील कागद राहिला.

क्रॉमवेलने ज्या रक्ताचा हवाला दिला, त्याची स्मृतीही कागदांतूनच घडली होती. १६४१ च्या उठावानंतर प्रामुख्याने प्रॉटेस्टंटांच्या सुमारे ८,००० जबान्या नोंदविल्या गेल्या. त्या आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ३१ खंडांत आहेत. त्यांत हत्यांच्या कहाण्या आहेत, पण चोरीस गेलेली गुरे, धान्य, कपडे आणि बुडालेली येणी यांच्या नोंदी फार मोठ्या प्रमाणात आहेत. सर जॉन टेंपलने १६४६ मध्ये या जबान्यांमधून निवडक भाग घेऊन उठावाचा इतिहास रचला आणि मृत व उद्ध्वस्त झालेल्यांचा आकडा ३,००,००० वर नेला. तेव्हा संपूर्ण बेटावरही इतके प्रॉटेस्टंट नव्हते. मृतांची संख्या काही हजारांत असावी, असे आधुनिक अभ्यासक मानतात. पुढे या खंडांतील खोडलेल्या मजकुरावरून वाद पेटला. एका पक्षाने त्या रेघांमध्ये खोट्या साक्षीची कबुली वाचली. नकलेसाठी मजकूर आटोपशीर करतानाही रेघा मारल्या गेल्या होत्या, हे नंतर एडन क्लार्क यांच्या चिकित्सेने दाखवून दिले. रेघ तीच, पण वाचणाऱ्याच्या पंथानुसार तिचा अर्थ पालटत गेला.

तलवारीनंतरचा विजय जमिनीचा होता. १६५२ च्या कायद्याने व्यापक जप्तीचा मार्ग मोकळा केला. कॅथलिक जमीनदारांना शॅनन नदीपलीकडे कॉनॉट व क्लेअरमध्ये हलविण्याचे धोरण आले, आणि विल्यम पेटीच्या मोजणीने जप्त भूमी नकाशांवर उतरविली. १६४१ मध्ये सुमारे ५९ टक्के असलेली कॅथलिकांची जमीनमालकी १६८८ पर्यंत २२ टक्क्यांवर आली. या विस्थापनाचा इतिहास जॉन प्रेंडरगास्टने १८६५ मध्ये क्रॉमवेली राजवटीच्या सरकारी कागदांतून लिहिला, आणि राष्ट्रवादी स्मृतीला दस्तऐवजी बळ मिळाले. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे अभिलेखागार जळाले तेव्हा त्या कागदांचा मोठा भाग नष्ट झाला. परिणामी ज्या ग्रंथाने साधने वापरली, तोच काही बाबतींत साधन होऊन बसला.

या सर्व व्यवहारात आयरिश भाषा कोठे होती? ती मुकी नव्हती. जेफ्री कीटिंगने १६३० च्या दशकातच, स्पेन्सरसह इंग्लिश लेखकांनी रंगविलेल्या आयर्लंडच्या प्रतिमेला आयरिश गद्यातून विस्तृत उत्तर दिले होते. विजयानंतरच्या राजकीय कवितांमध्ये तर विस्थापनाचा अनुभव थेट बोलतो. एमन अन दूनाच्या कवितेत हुसकावून लावण्याची आणि ठार मारण्याची आज्ञावाचक इंग्रजी क्रियापदे भाषांतर न होता आयरिश ओळींत घुसतात. तेथे विजेत्याची भाषा हा केवळ विषय राहत नाही. कवितेच्या लयीवर झालेले ते आक्रमणच होय. परंतु विजेत्याचे पत्र 'अस्सल साधन' गणले गेले आणि ही कविता 'वाङ्मय' म्हणून बाजूस ठेवली गेली. एकोणिसाव्या शतकात आयरिश बोलणारा समाज झपाट्याने आक्रसला, तेव्हा पराजितांनीही आपला पराजय मुख्यत्वे इंग्रजीतून आणि इंग्रजी कागदांच्या आधारे स्मरला.

ऑक्टोबर २०१० मध्ये जबान्यांचे खंड संगणकीय रूपात सर्वांना खुले झाले. त्या समारंभास आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस आणि अल्स्टरमधील कडव्या प्रॉटेस्टंट राजकारणाचे नेते इयन पेस्ली एकत्र उपस्थित होते. ज्या कागदांनी दोन समाजांना शतकानुशतके विभागले, ते दोघांनाही समान रीतीने वाचता येऊ लागले, ही घटना लहान नाही. मात्र दफ्तर खुले झाल्याने त्याची मर्यादा ओलांडली जात नाही. साक्ष कोणाची घेतली गेली, ती कोणत्या भाषेत उतरविली गेली आणि कोणाची साक्ष केवळ कवितेतच उरली, हे प्रश्न शिल्लक राहतात. दस्तऐवज आणि काव्य यांमधील ज्या सीमारेषेला इतिहासलेखन स्वाभाविक मानते, ती आयर्लंडच्या संदर्भात त्या विजयाचाच एक अवशेष आहे. त्या कवितांना पुराव्याचा दर्जा द्यायचा, तर पत्राला लावली जाते तितकीच कठोर चिकित्सा त्यांनाही लावावी लागेल. आणि पत्रालाही, कवितेप्रमाणेच, एक रचना म्हणून वाचावे लागेल.