वेदनेचा गोतावळा

रोगांचे इतिहास पुष्कळांनी लिहिले. वेदनेचा इतिहास त्या मानाने उपेक्षितच राहिला. वैद्य रोगाचे नाव शोधतो, पण रोगी वैद्याचे दार ठोठावतो ते दुखते म्हणून. त्यातही कर्करोग बळावला की ही वेदना एकटी राहत नाही. झोप उडते, अंगातले त्राण जाते, अन्नावरची वासना उडते, मन खचते. हा सारा गोतावळा एकदम घरात शिरतो, हे रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसांनी नेहमीच पाहिले आहे. वैद्यकशास्त्राला मात्र ही गोष्ट नीट मांडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

औषध नव्हते म्हणून हा विलंब झाला, असे म्हणता येत नाही. अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्याचे काम सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केले होते. पण ते वापरताना डॉक्टरांचा हात आखडत असे. सवय लागेल ही धास्ती मोठी. म्हणून वेदना असह्य झाली, रोग्याने गयावया केली, की मग सुई टोचावयाची. शस्त्रक्रिया, क्षकिरण, रेडियम यांनी रोग बरा करण्याची ईर्षा वाढली होती. जो बरा होणार नाही, त्याच्यासाठी आता करण्यासारखे काही उरले नाही, असे सांगून त्याला घरी धाडण्यात येई.

ही रीत बदलण्यात सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंचा वाटा फार मोठा. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका, आणि शेवटी 1957 साली डॉक्टर, असा त्यांचा प्रवास. 1948 साली लंडनमध्ये डेव्हिड टास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. अशा रोग्यांसाठी वेगळे घर असावे, हा विचार त्या दोघांच्या बोलण्यातून रुजला. जाताना त्याने त्यांच्या नावे 500 पौंड ठेवले.

1958 पासून सॉन्डर्सबाई लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करू लागल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पोटातून मॉर्फिन द्यावयाचे, ही पद्धत त्यांनी तेथे रूढ केली आणि रोग्यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. कुठे दुखते, असे विचारल्यावर एका बाईने पाठीपासून सुरुवात केली आणि नवऱ्याची रजा, मुलाचे काम, संपत आलेला पैसा, कोणी समजून घेत नाही ही खंत, इथपर्यंत ती बोलत गेली. हे सारे तिच्या लेखी एकच दुखणे होते. शरीर, मन, संसार आणि श्रद्धा या चारही अंगांनी होणाऱ्या या दुःखाला सॉन्डर्सबाईंनी 1964 च्या सुमारास ‘समग्र वेदना’ अशा अर्थाचे नाव दिले. 1967 साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले.

पुढची पायरी मोजमापाची. 1991 साली कॅनडातील एडमंटन येथे ब्रुएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. वेदना, मळमळ, उदासी, चिंता, गुंगी, भूक यांपैकी प्रत्येकाची तीव्रता रोग्याने स्वतः दाखवावयाची. 2001 साली अमेरिकेत डॉड आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी वेदना, थकवा व अपुरी झोप ही लक्षणे एकत्र अभ्यासली आणि ‘लक्षणसमूह’ ही कल्पना पुढे आणली. त्यानंतरच्या अभ्यासांत काही जोड्या वारंवार दिसल्या: चिंता आणि उदासी, मळमळ आणि वांती, थकवा आणि गुंगी. गणिताची रीत बदलली की समूहही थोडे बदलतात, हे मान्य केले पाहिजे. पण अनुभव सरळ आहे. वेदना झोप मोडते. न झोपलेला देह थकतो. थकलेल्या मनाला तीच वेदना दुप्पट वाटते. उपायही कधी या गोतावळ्यात सामील होतो. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होते. सोबत रेचक दिले नाही, तर रोगी मॉर्फिनच नाकारतो.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. मरणासन्न कर्करोग्यांसाठी वांद्र्याचे शांती अवेदना 1986 साली निघाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने साध्या गोळ्यांपासून मॉर्फिनपर्यंत चढत जाणारी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती जगापुढे ठेवली. पण आदल्याच वर्षी, 1985 साली, अमली पदार्थांचा कडक कायदा आपल्याकडे आला होता. परवान्यांच्या जाळ्यात औषधविक्रेते आणि रुग्णालये मॉर्फिनपासून दूर सरली. ज्या देशात औषधासाठी अफू पिकते, त्याच देशात कर्करोगी तळमळत राहिले. 2014 साली कायदा दुरुस्त झाला; माणसांच्या मनातली भीती कायद्याइतक्या लवकर दुरुस्त होत नाही.

म्हणून आपल्या घरी असा रोगी असेल, तर डॉक्टरांना केवळ ‘दुखते आहे’ एवढेच सांगून थांबू नये. झोप किती लागली, घास किती गेला, पोट साफ झाले का, धाप लागते का, मनाला कसली टोचणी आहे, हेही सांगावे. रोग्यानेही ‘सोसले पाहिजे’ म्हणून गप्प राहू नये. रोग हटत नसेल. पण त्याच्याबरोबर आलेल्या या मंडळींपैकी एकेकाला ओळखून आवरता येते. त्यातून मिळालेली एका रात्रीची शांत झोप ही लहान गोष्ट नव्हे.