दीर्घकाळचा कठोर व्यायाम आणि रोगप्रतिकारक यंत्रणा : एका सिद्धान्ताचा इतिहास

प्रस्तावना :
व्यायामाने शरीर निरोगी राहते ही धारणा जशी जुनी आहे, तशीच अतिश्रमाने रोग जडतात ही धारणाही जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिव्यायामापासून उद्भवणाऱ्या विकारांमध्ये कास व ज्वर यांचा समावेश केलेला आढळतो. विसाव्या शतकात या धारणेस शास्त्रीय सिद्धान्ताचे रूप कसे प्राप्त झाले आणि पुढे त्या सिद्धान्ताची फेरतपासणी का करावी लागली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीची निरीक्षणे :
१९०२ साली राल्फ लॅराबी यांनी बोस्टन मॅरेथॉनमधील धावपटूंच्या रक्ताचे परीक्षण प्रसिद्ध केले. शर्यतीनंतर श्वेतपेशींची संख्या बरीच वाढलेली होती व ती वाढ दाहजन्य विकारात दिसणाऱ्या वाढीसारखी होती. चाळीसच्या दशकात ब्रिटनमध्ये रिची रसेल यांनी पोलिओच्या रुग्णांचा अभ्यास केला. आजाराची लक्षणे दिसू लागल्यावरही ज्यांनी कष्टाची हालचाल चालू ठेवली, त्यांच्यात पक्षाघात अधिक तीव्र झाल्याचे त्यांनी नोंदविले. रसेल यांचे निरीक्षण आधीच जडलेल्या संसर्गाविषयी होते, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. श्रमामुळे निरोगी मनुष्यास नवा संसर्ग होतो काय, हा प्रश्न त्याहून वेगळा होता.

सिद्धान्ताची मांडणी :
या दुसऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर शोध ऐंशीच्या दशकात सुरू झाला. पीटर्स व बेटमन यांनी १९८२ च्या केपटाऊन येथील ५६ किलोमीटरच्या टू ओशन्स शर्यतीतील १५० धावपटूंची माहिती घेतली. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत ३३.३ टक्के धावपटूंनी सर्दी-घसादुखीसारखी लक्षणे सांगितली. न धावणाऱ्यांत हे प्रमाण १५.३ टक्के होते. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांच्या पाहणीत धावणाऱ्यांचे प्रमाण १२.९ टक्के, तर शर्यतीत भाग न घेतलेल्या तत्सम धावपटूंचे २.२ टक्के आढळले. बेंटे पेडरसन प्रभृतींनी 'उघडी खिडकी' ही कल्पना मांडली. तिचा आशय असा, की कठोर श्रमानंतर काही तास रक्तातील लसिकापेशी घटतात व त्या अवधीत रोगजंतूंना संधी मिळते.

फेरतपासणी :
या मांडणीचे दोन्ही आधार पुढे तपासले गेले. पहिला आधार लक्षणांचा. धावपटूंनी स्वतः सांगितलेली लक्षणे म्हणजेच संसर्ग, असे गृहीत धरले गेले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळाडूंच्या अशा आजारांत प्रत्यक्ष रोगजंतू ३० टक्क्यांहूनही कमी वेळा सापडले. कोरडी हवा, अॅलर्जी व श्वसनमार्गाचा दाह यांमुळेही घसा दुखू शकतो. दुसरा आधार पेशींच्या संख्येचा. २००८ मधील उंदरांवरील प्रयोगात खुणा केलेल्या टी-पेशी व्यायामानंतर फुप्फुसे, आतड्यांतील लसिका-ऊती व अस्थिमज्जा यांत गेल्याचे दिसले. रक्तातील घट म्हणजे पेशींचा नाश नसून त्यांचे स्थलांतर असू शकते, असा याचा अर्थ होतो. या पुराव्यांच्या आधारे कॅम्पबेल व टर्नर यांनी २०१८ साली 'उघडी खिडकी' या कल्पनेलाच आव्हान दिले. २०२० मध्ये दोन्ही पक्षांच्या अभ्यासकांनी एकत्रित लिहिलेल्या लेखातही मतैक्य झाले नाही. तथापि अपुरी झोप, मानसिक ताण, प्रवास, सदोष आहार व गर्दीतील संपर्क यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य झाले.

निष्कर्ष :
या इतिहासावरून असे दिसते की, आकडे खरे असूनही त्यांचा लावलेला अर्थ अपुरा ठरू शकतो. महाविद्यालयीन क्रीडाशिक्षणात याचे व्यावहारिक महत्त्व आहे. प्रतिकारशक्ती खालावेल या भीतीने निरोगी विद्यार्थ्यास दीर्घ पल्ल्याच्या सरावापासून परावृत्त करण्यास पुरेसा आधार नाही. त्याच्या झोपेकडे, आहाराकडे व विश्रांतीकडे लक्ष देणे अधिक हिताचे आहे. मात्र अंगात ताप असताना त्यास मैदानावर उतरविणे सर्वथा अनुचित होय. रसेल यांच्या निरीक्षणातून मिळणारा सावधगिरीचा हा धडा आजही तितकाच ग्राह्य आहे.